पाहुण्याची गणितं

१

कागद सापडला बाकाखाली. गणिताची पूर्वपरीक्षा संपली होती, मुलं उत्तरं ताडून बघत बाहेर पडली होती. वर्ग झाडायला आलेल्या शिपायाने तो घडी घातलेला कागद उचलला, उलगडला आणि बक्षीस मिळणार अशा चेहऱ्याने थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यावर त्या दिवशीच्याच पेपरातली गणितं होती, सोडवलेली. खाली बारीक अक्षरात आमच्या कंपनीचं नाव होतं आणि त्याशेजारी आमच्या एका सरांचं.

म्हणून दोन-तीन दिवसांनी मला बोलावणं आलं. मी एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत तक्रारी बघते. एक शिक्षक, एक विद्यार्थी आणि मध्ये पडदा, असा आमचा कारभार. आधी बरीच वर्षं मी गणित शिकवत होते, त्यामुळे गणिताचं कुठलंही लचांड माझ्याच गळ्यात येतं. निघताना आमच्या साहेबांनी सांगितलं, "फार खोलात जाऊ नका ताई. सरांना काढून टाकू, शाळेची माफी मागू, विषय संपला." विषय संपला म्हणणाऱ्या माणसांवर माझा मुळीच विश्वास नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चौघं होती. स्वतः मुख्याध्यापक, सतत चष्मा पुसणारे. गणिताच्या बाई, ज्यांनी पेपर काढला होता. बाईंची लेक, त्याच वर्गातली, साक्षीला बोलावलेली. आणि भिंतीला टेकून उभी असलेली एक किरकोळ अंगाची मुलगी, जिला घरचे, दारचे सगळे बारकी म्हणत.

"सगळं सरळ आहे," बाई म्हणाल्या. "हे सर वर्गातल्या एकाच मुलीला शिकवतात, हिला. पेपर छापला कुणी? हिच्या काकांनी. कागद सापडला तो हिच्याच ओळीत. आणखी काय हवं?"

"माझ्या बाकाखाली नाही सापडला," बारकी म्हणाली.

"पायाने सरकवायला कितीसा वेळ लागतो? वर्गात सगळ्यांसमोर तुला चोर म्हटलं तेव्हाही हीच उद्धट उत्तरं. चोर तो चोर!"

बारकी रडली नाही. तिचे कान तेवढे लाल झाले.

"तू त्याच ओळीत होतीस ना?" मी बाईंच्या लेकीला विचारलं. "काही दिसलं?"

"नाही, मला काही दिसलं नाही," ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली.

मी कागद आणि छापील पेपर शेजारी शेजारी ठेवले. गणितं तीच होती, क्रमही तोच. पण तीन ठिकाणी आकडा वेगळा होता. पेपरात दोन संख्यांची बेरीज २९ होती, कागदावर ३९. श्रेढीतलं पद पेपरात ४९ होतं, कागदावर ५९. सरासरी ६९ होती, तिथे ७९. बाकी सगळं हुबेहूब.

"तीही हुशारीच," बाई म्हणाल्या. "पकडलं गेलं तर नुसता सराव होता असं म्हणता यावं, म्हणून आकडे बदलायचे."

मुख्याध्यापकांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "उद्या सकाळी मला निर्णय द्यायचाय. बाईंचं म्हणणं आहे की हिला मुख्य परीक्षेला बसू देऊ नये. हिचं वर्ष जाईल, वाईट वाटतं. पण तोवर तुमच्याकडून काही वेगळं आलं नाही, तर माझा नाइलाज आहे."

२

सर मला पडद्यावर भेटले. पाठीमागे चादर ताणून त्यांनी शिकवण्यापुरती भिंत केली होती, पण चादरीच्या कडेने गॅसची शेगडी डोकावत होती. माणूस इतका घाबरला होता की नमस्कारसुद्धा दोनदा केला.

"पडद्यावरचा फळा माझाच आहे, कागद म्हणजे त्याचीच छापलेली प्रत," ते म्हणाले. "सोडवलेलं अक्षरही माझं. पण ताई, ती गणितं बारकीने दिली नव्हती."

"मग कुणी?"

"पाहुण्याने."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे कुणीही पाहुणा म्हणून एक तास फुकट शिकू शकतो. नाव सांगायची सक्ती नाही, चेहरा दाखवायची नाही. तास संपला की त्याची नोंदही पुसली जाते. साहेबांना ही कल्पना फार आवडते, गिऱ्हाईक लाजत नाही म्हणे.

"म्हणजे चेहरा नाही, नाव नाही. आवाज?"

"तोही नाही. सगळं लिहून. माऊसने लिहिलेलं, म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. कुणाचं अक्षर, सांगता येणार नाही. पण मूल चांगलं होतं हो. एक पायरी कळली नाही तर परत विचारायचं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारताना आधी 'सॉरी' लिहिलं. मी म्हटलं, अरे, सॉरी कशाला?"

"सर, पाहुणा, अंधारातला माणूस, हे सगळं उद्या शाळेत सांगितलं तर हसतील."

"हसू देत. पण पोरीचं वर्ष घालवू नका. माझी नोकरी गेली तर मी दुसरीकडे शिकवेन."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, तो आला नाही. मी कागदावर बोट ठेवलं. तिथे त्यांच्या अक्षरात दोन जागी शेरा होता, 'आकडा तपास'.

"हे काय?"

"बघा ना, बेरीज एकोणचाळीस आणि गुणाकार दोनशे चार. मूळच नीट निघत नाही. खाली श्रेढी, पाच, नऊ, तेरा, त्यात एकोणसाठ येतच नाही. मला वाटलं, उतरवताना चुकलंय. तसं विचारलं, तर पाहुण्याने लिहिलं, 'नाही सर, नीट ऐकलाय.' वर्गात ऐकला असेल म्हणून मी सोडून दिलं. मग मीच तसंच काहीतरी दशांश चिन्हात उत्तर काढून दिलं."

मी तेव्हा मान डोलावली आणि पुढे गेले. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पेपरातल्या आकड्यांनी उत्तरं अगदी स्वच्छ येत होती. बारा आणि सतरा, बेरीज एकोणतीस, गुणाकार दोनशे चार. आकडे लपवाछपवीसाठी बदलले असतील, तर परीक्षेत उपयोगीच पडणार नाहीत असे कोण बदलेल? चोरी करायची आणि चोरलेला माल आपल्याच हाताने नासवायचा, हे कुठल्या चोराला परवडतं?

३

काकांचा छापखाना म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत कागदाचे गठ्ठे. यंत्र चालू असलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. काकांनी ते बंद केलं तेव्हा कान एकदम मोकळे झाल्यासारखे वाटले.

"माझ्या पुतणीने पेपर बघितला नाही," काका म्हणाले. राग दाबून बोलणाऱ्याचा आवाज होता तो. "पेपर आला की तो आतल्या खोलीत. कुलूप माझं. यंत्रावर मीच. वाया गेलेला कागदसुद्धा मी स्वतः फाडतो. इतकी वर्षं शाळेचं काम करतोय, कधी ठिपका नाही लागला."

"काका, घरातली माणसं..."

"घरातली माणसं काय? ती मला बाबा म्हणत नाही एवढंच. लहानपणापासून इथेच वाढलीय."

बारकी आतल्या बाजूला गठ्ठे लावत होती. मी आले तरी तिने काम थांबवलं नाही. उद्या वर्ष जाणार म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्यातली ती नव्हती.

"तुझे सर तुझी बाजू घेतायत," मी म्हटलं.

"घेणारच. ते कधी ओरडत नाहीत. मी वर्गात सगळ्यांना सांगायचे. आता त्यांनाच काढणार ना तुम्ही?"

"अजून नाही."

"अजून," ती म्हणाली आणि पाठ फिरवून गठ्ठे मोजायला लागली. मोठ्याने, प्रत्येक गठ्ठ्यावर हात मारत. मी काकांना आणखी काही विचारत होते, अर्धं लक्ष तिच्याकडे.

"सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर..."

मी बोलता बोलता थांबले.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

मी पिशवीतून कागद काढला. एकोणतीसचे एकोणचाळीस. एकोणपन्नासचे एकोणसाठ. एकोणसत्तरचे एकोणऐंशी. तीनही चुका बरोबर दहाच्या आणि तीनही 'एकोण'च्या. पंचवीस चुकला नव्हता, दोनशे चार चुकला नव्हता. चुकले होते ते फक्त एकोणवाले.

"बारकी," मी म्हटलं, "एकोणतीस आकड्यात लिहून दाखव."

तिने माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं आणि गठ्ठ्यावर बोटाने धुळीत लिहिलं. २९.

"शाळेत तर सगळे आकडे इंग्रजीत. तुला कसं येतं?"

"इथे मोजून मोजून. काका चुकलं की पहिल्यापासून मोजायला लावतात." आणि मग जरा हसून म्हणाली, "आमच्या वर्गात निम्म्यांना नाही येत. एकोणतीस म्हटलं की थर्टी नाइन लिहितात. शेवटी तीस ऐकू येतं ना!"

पेपर कुणी पाहिलाच नव्हता. कुणीतरी तो ऐकला होता.

४

डोळ्यांनी बघणाऱ्याला २९ दिसतात, तो २९ लिहितो. तिथे 'एकोण' मध्ये येतच नाही. हा घोळ कानातूनच होतो, आणि तोही अशा मुलाच्या, जे घरी मराठी बोलतं आणि आकडे इंग्रजीत शिकतं. सरांच्या पाहुण्याने तर स्पष्ट लिहिलं होतं, नीट ऐकलाय. मी ते वाक्य कानाआड केलं होतं.

"काका, हा पेपर कुणी मोठ्याने वाचला का कधी?"

काकांनी जरा आठवलं. "वाचला की! तपासायचा असतो ना. बाईंची ती पद्धतच आहे. छापायच्या आधी त्या फोनवर एकेक गणित वाचतात, मी माझ्याकडचं बघतो. माझ्यासाठी मराठीत वाचतात बिचाऱ्या, मला इंग्रजी आकडे कानाला पटकन लागत नाहीत."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"मी. यंत्रही चालू होतं, दुसरं काम होतं."

"मग ऐकू कसं आलं?"

काकांनी गळ्यातली वायर दाखवली. दोन्ही टोकं कानात खोचायची, असली. "त्याशिवाय इथे देवाचा आवाज आला तरी कळायचं नाही."

बारकी आता गठ्ठे सोडून आमच्याकडे बघत होती. पोरगी तल्लख, माझ्याआधी तिच्या तोंडून निघालं.

"म्हणजे इकडे फक्त काकांनी ऐकलं."

"हो."

"आणि तिकडे?"

फोनवर वाचणारा माणूस मोठ्याने वाचतो, विशेषतः पलीकडे यंत्र धडधडत असेल तर. आवाज या टोकाला काकांच्या कानात बंद होता, त्या टोकाला भिंतींवर आपटत होता. सरांना मी फोन करून पाहुण्याचा तास विचारला. पेपर फोनवर वाचला गेला त्याच संध्याकाळचा तो निघाला.

"कुणाला काही बोलू नकोस," मी बारकीला बजावलं.

"माझं वर्ष जातंय आणि मी मूग गिळून बसू?"

"रात्रीपुरती बस."

"रात्रीपुरती," ती म्हणाली. तिच्या नजरेतून सुटका नव्हती.

५

बाईंचं घर त्यांच्यासारखंच होतं, सगळं काटकोनात. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, चपला जोडीने. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि ती त्यांनी मला मुद्दाम हलवून दाखवली.

"पेपर या कपाटाबाहेर गेला नाही. गेला तो छापखान्यातच."

"फोनवर वाचलात तेव्हा कुठे बसला होतात?"

"इथेच, खुर्चीत. घरात दुसरं कोण? यजमान बाहेरगावी. मी आणि माझी लेक. ती आत अभ्यास करत होती, कानात गाणी घालून. तुम्ही काय सुचवताय?"

"काहीच नाही."

"सुचवूही नका. गणिताच्या बाईंच्या मुलीला असले उद्योग करायची गरज नाही."

लेक पाण्याचा पेला घेऊन आली. पेला ठेवताना पाणी बशीत सांडलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझं मलाच बरं वाटेनासं झालं. पंधरा-सोळा वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं. तिला आईसमोर सापळ्यात धरायचं? पण दुसऱ्या घरात तिच्याच वयाची एक पोर उद्याच्या सकाळची वाट बघत होती आणि ही दिवसभर तिच्या तोंडावर मला काही दिसलं नाही म्हणत उभी होती. मी मन घट्ट केलं.

"बाळा, माझा नंबर लिहून ठेवतेस? मुख्याध्यापकांना द्यायचाय."

तिने टेबलावरचं पॅड ओढलं.

"नव्वद," मी म्हटलं. "एकोणतीस. दहा. एकोणपन्नास. एकोणसत्तर."

पेन भराभर चाललं. बाई मुलीच्या खांद्यावरून बघत होत्या. शिक्षकाची सवय, कुणी लिहीत असलं की मान वाकतेच. त्या सवयीने त्यांचा घात केला.

पॅडवर होतं ९० ३९ १० ५९ ७९.

बाईंना तो कागद तोंडपाठ होता, माझ्याकडे येईपर्यंत तो घेऊनच त्या फिरत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्यांनी हात पुढे करून पॅड उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि परत खाली ठेवलं.

"एकोणतीस म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"थर्टी नाइन," लेक म्हणाली. मग आईचं तोंड बघून तिला काय झालं ते कळलं.

६

तिने नाकारलं नाही. खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून ती एका दमात बोलत गेली. गाणी लावली नव्हती, नुसती वायर कानात होती. आई वाचत होती, ती लिहीत होती. लिहून झालं तरी गणितं येईनात. आईला विचारायची सोय नव्हती, म्हणून पाहुणी होऊन बारकीच्या सरांकडे गेली. परीक्षेत पेपर बघितला तर आकडे भलतेच, उत्तरं एकही जुळेना. घाबरून कागद सोडून दिला.

"विचारायची सोय नव्हती?" बाई म्हणाल्या. "मी गणिताची बाई, घरात बसलेली आणि तुला सोय नव्हती?"

"तू म्हणतेस, एवढंही येत नाही? माझ्या मुलीला? दर वेळी तेच. त्या सरांना मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा सांगितलं."

बाईंनी पॅड पुन्हा जवळ ओढलं.

"आणि बारकी?" मी विचारलं. "तिचं वर्ष जाणार होतं."

लेकीने तोंड झाकून घेतलं. "मी उद्या सांगणार होते. रोजच उद्या सांगणार होते."

सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही सगळे पुन्हा जमलो. काका बारकीला घेऊन आले होते, धुतलेल्या सदऱ्यात. बाईंनी स्वतः सगळं सांगितलं, काही न लपवता. मुख्याध्यापक ऐकता ऐकता सैल होत गेले. शेवटी तर त्यांना सुटल्यासारखंच झालं.

"अहो, म्हणजे घरातलंच प्रकरण निघालं. वय असतं एकेकाचं. नियमात तरतूद आहे ना, पहिली चूक, पालकांना समज आणि फेरपरीक्षा. कुणाचं वर्षबिर्ष घालवायचं कारण नाही."

"ही तरतूद काल कुठे होती?" बाईंनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना.

"मीही विचारली नाही," बाई म्हणाल्या. "कालची मुलगी माझी नव्हती म्हणून." मग त्या बारकीकडे वळल्या. मला त्यांचा आदर वाटला, ते सांगायलाच हवं. "माझं चुकलं गं. मला माफ कर."

काका घाईघाईने म्हणाले, "जाऊ द्या बाई, झालं गेलं. पोरीचं वर्ष वाचलं, आम्हाला आणखी काय हवं?"

"मला हवंय," बारकी म्हणाली. "बाई मला वर्गात चोर म्हणाल्या होत्या. इथेच नाही. वर्गात."

काकांनी तिचा दंड धरला, तिने सोडवून घेतला. मुख्याध्यापक म्हणाले, आता ताणू नये, मुलांसमोर शिक्षकांचा मान राहायला हवा. पण बाई उठल्या होत्या.

मी मागोमाग गेले. तक्रार बंद करायला कुणीतरी हजर लागतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण म्हणजे मला राहवलं नाही. वर्ग भरलेला होता. बारकी शेवटच्या बाकावर जाऊन बसली, लेक तिसऱ्या. बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या, खडू हातात घेतला, परत ठेवला.

"तो कागद माझ्या घरातून आला," त्या म्हणाल्या. आवाज अर्ध्या वर्गापर्यंतही पोचला नसेल. "बारकीने काही केलं नाही. तिच्या सरांनी नाही, काकांनी नाही. मी तिला तुमच्यासमोर चोर म्हटलं, ते खोटं होतं."

तिसऱ्या बाकावरून लेक उठून उभी राहिली. तिला कुणी उठ म्हटलं नव्हतं.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बारकीने हात वर केला.

"बाई, मागे ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत सांगा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि पहिल्या वाक्यापासून परत सांगितलं, मोठ्याने.